औषधांची फाईल

छातीखाली मला काही कळत नाही. आंबे उतरवताना झाडावरून पडले आणि छातीच्या पाचव्या मणक्याजवळ मज्जारज्जूला इजा झाली. मी बसून गोळाफेक करते, गट एफ-५४. लोखंडी फ्रेमला मांड्या आणि कंबर पट्ट्यांनी बांधायची आणि खांद्याच्या, दंडाच्या जोरावर गोळा टाकायचा.

आमच्यासारख्यांचं शरीर औषधांवर चालतं. पायांना येणारे झटके आवरायला बॅक्लोफेन, नसांची आग कमी व्हायला प्रेगाबालिन, मूत्राशय शांत राहावं म्हणून ऑक्सिब्युटिनिन, आणि लघवीत जंतुसंसर्ग झाला की अँटिबायोटिक. यातल्या कशावरही खेळाच्या उत्तेजकविरोधी नियमांत बंदी नाही. पण बंदीची औषधं आमच्यापासून फार लांब नसतात. दिवसभर व्हीलचेअरवर बसून संध्याकाळी पाय सुजतात. डॉक्टर सहज पाणी उतरायची गोळी लिहून देतात, फ्युरोसेमाइड. ती बाराही महिने बंद, कारण तिच्यामुळे लघवी पातळ होते आणि दुसरं काही घेतलं असेल तर ते झाकलं जाऊ शकतं. बीपीच्या कितीतरी गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असतं, तेही याच गटातलं. खांदा धरला की पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल असलेली गोळी मिळते. १ जानेवारी २०२४ पासून ट्रामाडॉल स्पर्धेच्या काळात चालत नाही, आणि स्पर्धेचा काळ मोजतात तो आदल्या रात्री ११:५९ पासून.

वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, संहितेचा पाया असा की नमुन्यात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. डॉक्टरांनी दिलं, मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली, घरच्यांनी काळजीपोटी दुधातून दिलं, तरी उत्तर आपणच द्यायचं. चूक किती, यावर शिक्षा कमीजास्त होते. जबाबदारी मात्र हलत नाही. मला हा नियम पटतो. ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर सुटका झाली असती, तर प्रत्येकाने तेच सांगितलं असतं आणि जो खरोखर काही न घेता मैदानात उतरतो त्याला न्याय मिळाला नसता.

पटतो म्हणून तो पाळणं सोपं होत नाही. एका हंगामाच्या तोंडावर मला बैठकीच्या जागी जखम झाली. आम्हाला दुखत नाही, त्यामुळे कळेपर्यंत ती खोल गेली होती. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी ड्रेसिंग केलं आणि म्हणाले, ‘ताई, ताकदीचं एक इंजेक्शन देतो, जखम लवकर भरेल.’ मी नाव विचारलं. ते जरा रागावले, पण चिठ्ठीवर लिहून दिलं: नँड्रोलोन. अशक्त, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना ते देतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने त्यात वावगं काही नव्हतं. पण ते ॲनाबॉलिक स्टिरॉइड आहे, कायम बंदीचं, आणि त्याचे अंश महिनोन्‌महिने लघवीत सापडतात. उपचारासाठी सवलत मिळते, तिला टीयूई म्हणतात. पण बंदी नसलेला दुसरा उपचार उपलब्ध असेल तर ती मिळत नाही. आणि माझ्या जखमेवर ड्रेसिंग, अंडी-डाळी आणि पालथं पडून राहणं हा उपचार होताच. मी इंजेक्शन घेतलं नाही. जखम आपल्या गतीने भरली, हंगाम गेला. आई रोज म्हणायची, ‘अगं, खेळापेक्षा जीव मोठा.’ तिला समजावताना मला फार जड गेलं, कारण तिचंही बरोबरच होतं.

तेव्हापासून माझी एक फाईल आहे. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक बिल, गोळीच्या पाकिटावरच्या घटकांचा फोटो. नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर मी कंपनीच्या नावावर विसंबत नाही, आतलं औषध तपासते. १ जानेवारीला नवी यादी लागू होते, तेव्हा सगळं पुन्हा. प्रोटीन पावडर आणि कोणी आणून दिलेली चूर्णं यांना मी हात लावत नाही.

डोपिंग म्हणजे औषध, एवढंच लोकांना माहीत असतं. आमच्या खेळात बिनऔषधाचंही एक आहे, त्याला बूस्टिंग म्हणतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल, तर खाली कुठेही त्रास झाला की रक्तदाब एकदम चढतो: मूत्राशय तुडुंब भरलं, पट्टा करकचून बसला, बोट चिरडलं. डोकं फुटेल असं वाटतं, कपाळाला घाम, दंडावर काटा. एरवी माझा वरचा रक्तदाब शंभरच्या आसपास रेंगाळतो. तो चढला की अंगात जोर आल्यासारखं वाटतं. म्हणून काही जण मुद्दाम कॅथेटर बंद करून ठेवतात, पट्टे आवळतात. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने १९९४मध्येच यावर बंदी घातली, कारण यात मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. वरचा रक्तदाब १६० किंवा जास्त भरला तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजतात, आणि तरीही उतरला नसेल तर त्या प्रकारात खेळू देत नाहीत. मी रक्तदाबाचा हा झटका नकळत भोगला आहे. पदकासाठी कोणी तो ओढवून घेतो हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणूनच फ्रेमवर चढण्याआधी मी मूत्राशय रिकामं करते. आणि नेमकं त्यानंतर चाचणीला बोलावतात. एका राष्ट्रीय स्पर्धेत असंच झालं. चाचणीची सूचना देणाऱ्या मुलीने तिथून पुढे मला नजरेआड होऊ दिलं नाही. नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो, आणि आत थेंब नव्हता. घटाघट पाणी प्यावं तर लघवी फार पातळ होते, तो नमुना पुरत नाही. शिवाय मूत्राशय अचानक भरलं की तोच झटका. मग घोट घोट पीत बसायचं. वेळ झाल्यावर मी माझा बंद पाकिटातला नवा कॅथेटर काढला, हात धुतले, मांड्यांमध्ये छोटा आरसा लावला. समोर अधिकारी बाई उभ्या. त्यांनी बघणं हा नियमच आहे. ज्यांना पिशवी लावलेली असते त्यांना आधीची लघवी टाकून ताजी द्यावी लागते. अशा वेळी लाज वाटते, हे मी लपवणार नाही. त्या बाईंनी मात्र घाई केली नाही, आरसा घसरला तेव्हा विचारूनच हात लावला. नंतर ‘ए’ आणि ‘बी’ बाटल्या मी स्वतः भरल्या, झाकणं फिरवली, क्रमांक कागदाशी पडताळले आणि गेल्या सात दिवसांतलं प्रत्येक औषध फाईल बघून लिहिलं.

नियम फक्त नमुन्यापुरते नाहीत. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलेले बॅडमिंटनपटू प्रमोद भगत पॅरिस पॅरालिम्पिकला जाऊ शकले नाहीत. त्यांच्यावर बंदीच्या औषधाचा आरोप नव्हता. बारा महिन्यांत तीन वेळा ठावठिकाण्याच्या नियमात चूक झाली म्हणून त्यांच्यावर १८ महिन्यांची बंदी आली. ठावठिकाणा कळवायचा असलेल्यांच्या यादीतल्या खेळाडूला रोजचा एक तास आणि एक जागा आधी कळवावी लागते. ज्याला प्रवासात लिफ्ट बंद, रॅम्प नाही म्हणून मुक्काम ऐनवेळी बदलावा लागतो, त्याच्यासाठी हे किती अवघड, हे नियम शिकवणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं.

मला सूट नको आहे. हे सगळं जिल्ह्याच्या पातळीवर, मराठीत, पहिल्या स्पर्धेच्या आधी सांगितलं जावं, आणि ते ऐकायला आमच्या भागातले डॉक्टर, मेडिकलवालेही बसावेत, एवढं हवं आहे. तोवर आम्हीच एकमेकींना सांगतो. सध्या सरावाला एक नवी मुलगी येते, बारावीतली, पोलिओग्रस्त. दम्यासाठी तिला मधूनमधून प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात. त्या स्पर्धेच्या काळात चालत नाहीत. ठरावीक औषधांचे फवारे चालतात, मात्रेची मर्यादा पाळून. तिच्या जुन्या चिठ्ठ्या आम्ही दोघींनी लावून घेतल्या आहेत. छातीच्या डॉक्टरांची तारीख मिळाली की मी तिच्याबरोबर जाणार आहे.