√20 च्या पोटात

अंतराचं सूत्र घोकून पाठ करावं, हे मला कधीच पटलं नाही. (−2, 3) आणि (4, −5) घ्या. आडवा फरक 6, उभा 8, म्हणजे कर्ण 10. पायथागोरसच तो! देकार्तनं 1637 मध्ये भूमितीला बीजगणिताशी जोडलं, त्याची ही पुढची वाट. उणे चिन्हाला मुलं उगाच घाबरतात. वर्ग केला की ते जातंच. (वजाबाकी मात्र कंस घालून मांडावी.)

आज पुतणी अडली होती. (1, 1), (2, 3), (4, 7) हे बिंदू एकरेषीय आहेत का? अंतरं आली √5, √20 आणि √45.

“काका, लहान दोन अंतरांची बेरीज मोठ्याशी कुठे जुळतेय?”

ती कॅल्क्युलेटर शोधायला लागली. म्हटलं, थांब, आधी 20 फोड.

“4 गुणिले 5. म्हणजे 2√5... अरे, आणि 45 मधून 3√5!”

पुढचं तिनंच भराभर लिहून काढलं.

रेषेचा चढ काढला असता तर दोन्हीकडे 2 येऊन गणित दोन ओळींत आटोपलं असतं. पण प्रश्नातच ‘अंतराच्या सूत्राने’ अशी अट होती. खरं सांगायचं तर मला ही लांबची वाटच आवडते. √20 च्या पोटात √5 सापडण्याची गंमत चढात नाही.