काकांनी थांबवलं म्हणून

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. बाबा त्यातल्या एकात पॉलिशला होते. पॉलिशवाल्यांच्या डोळ्यांत बारीक कण उडायचे, आणि उडाले की माणसं आमच्या ओळखीच्या चष्म्याच्या दुकानात धावायची. दुकानातले काका कणाला हात लावत नसत. डोळ्यावर पाणी मारायला लावायचे, पापणी उलटून बघायचे आणि रिक्षात बसवून डॉक्टरांकडे पाठवायचे. "हे माझं काम नाही," एवढंच म्हणायचे. आपलं काम कुठे संपतं हे माहीत असलेला माणूस मी पहिल्यांदा त्या दुकानात पाहिला. त्याची किंमत कळायला मला फार वर्षं लागली.

मी पाचवीत असताना बाई मला फळ्याजवळ बसवायच्या, तरी अक्षरं दुहेरी दिसायची. तेव्हा आमच्याकडे महानगरपालिका झाली नव्हती, नगरपालिकाच होती. पालिकेच्या शाळेतल्या पोरीला चष्मा म्हणजे घरात चिंतेचा विषय. बाबा काकांकडे घेऊन गेले. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी डोळ्यावर टॉर्चसारखा उजेड टाकला, तो आडवा-उभा फिरवला, काचा बदलल्या. "मायनस आहेच, पण सिलिंडरही आहे," म्हणाले. बाबांच्या चेहऱ्यावर काही उमटेना तेव्हा त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्यातला चमचा काढून त्याची पाठ दाखवली. लांबीत एक बाक, रुंदीत दुसरा. हिचा डोळा पुढून असा आहे, म्हणून एका दिशेची रेघ स्पष्ट आणि दुसरीची पुसट. पॉलिशवाल्या माणसाला चमच्याची पाठ समजावून सांगावी लागली नाही.

विसाव्या वर्षी घरात स्थळांचा विषय निघाला आणि माझा चष्मा आईला खुपायला लागला. "नंबर उतरवून टाकू" हे वाक्य मीरा रोडपासून विरारपर्यंत तेव्हा घरोघरी ऐकू यायचं. लेसरच्या सवलतीची जाहिरात कापून आईने फ्रीजवर लावली होती. लेसर म्हणजे लेसर, त्यात प्रकार असतात हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. काकांनी माझी जुनी कार्डं काढून टेबलावर ओळीने मांडली. नंबर दर वर्षी थोडा वाढतच होता. "हा आधी थांबू दे. वर्षभर हलला नाही की मग बोलू. आज उतरवलास तर उद्या परत चढेल." आई बाहेर येऊन म्हणाली, "गिऱ्हाईक जाईल म्हणून सांगतायत." मलाही तेच वाटलं. सहा महिने मी त्या दुकानासमोरून मान वळवून जात होते.

ऑप्टोमेट्री शिकायला लागले तीही त्यांच्याच सांगण्यावरून. थांबायचंच आहे तर थांबून काहीतरी शीक, असं त्यांचं म्हणणं. तिथे मला पहिल्यांदा रंगस्वामी श्रीनिवासन हे नाव कळलं. मद्रासला जन्मलेले हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत. 1981 साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक्सायमर लेसर मारून पाहिला. कापल्याची रेघ स्वच्छ उमटली, आजूबाजूचं मांस जरासुद्धा करपलं नाही. 193 नॅनोमीटरचा तो अतिनील किरण उष्णतेने जाळत नाही, रेणूंमधले बंध तोडतो. दोनच वर्षांत डॉ. स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर त्यांनी तो कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थरावर, वापरता येतो हे दाखवलं. हे मी काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. "मद्रासचा माणूस?" म्हणाले, "मग त्याच्यामुळे माझा धंदा बसला म्हणायचा." आणि खूप हसले.

2014 पर्यंत नंबर स्थिरावला: मायनस चार, त्यावर दोनचा सिलिंडर. मला लेसरचा स्माइल हा प्रकार करून घ्यायचा होता. ते तेव्हा नवं होतं. जर्मनीत झेकुंडो आणि ब्लूम या डॉक्टरांनी विकसित केलेलं, आणि आपल्या शेजारी वडोदऱ्यात डॉ. रूपल शाह यांनी अगदी सुरुवातीच्या काळात केलेलं. लेसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पापुद्रा झाकणासारखा उचलतात, खालचा भाग एक्सायमरने घासतात आणि झाकण परत बसवतात. दुसऱ्या दिवशी दिसतं. पण झाकणाची कड जवळपास वीस मिलिमीटर लांब असते, तेवढ्या नसा कापल्या जातात, डोळे कोरडे पडतात, आणि जोराचा मार बसला तर झाकण सरकू शकतं. स्माइलमध्ये झाकणच नाही. फेमटोसेकंद लेसर आतल्या आत एक चकती कोरतो आणि ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. पीआरके सगळ्यांत जुनं: वरची नाजूक त्वचा खरवडायची, थेट लेसर मारायचा आणि त्वचा पुन्हा येईपर्यंत कळ सोसायची. ते मला मागासलेलं वाटायचं.

तपासणीला जाण्याआधी काकांनी एकच गोष्ट सांगितली. "किती काढणार ते सगळेच सांगतात. तू किती उरणार ते विचार."

मी विचारलं. डॉक्टर मॅडमनी कागद ओढला. माझा कॉर्निया 478 मायक्रॉन जाड. साधारण माणसाचा 540 च्या आसपास असतो. सहा मिलिमीटरच्या वर्तुळात एक नंबर उतरवायला अंदाजे बारा मायक्रॉन जातात. चार आणि दोन मिळून सहा, म्हणजे बहात्तर. लेसिकच्या झाकणाला एकशे दहा धरले तर खाली 296 उरतात. नियमाने अडीचशे चालतात, पण त्या तीनशेच्या खाली जायला तयार नव्हत्या. स्माइलमध्ये चकतीवरचा थर आणखी जाड ठेवावा लागतो आणि चकतीही थोडी जाडच निघते, त्यामुळे तळाशी त्याहून कमी. शिवाय आडवं झाल्यावर डोळा खोबणीत काही अंश फिरतो. सिलिंडरचा अक्ष दहा अंशांनी चुकला तर जवळजवळ एक तृतीयांश परिणाम वाया जातो, आणि स्माइलच्या तेव्हाच्या यंत्राला हे फिरणं आपोआप ओळखता येत नव्हतं. पीआरकेमध्ये पन्नासची त्वचा आणि बहात्तर गेले तरी 356 उरत होते, आणि ती त्वचा परत येणार होती. मागासलेलं तेच माझ्या वाट्याला आलं. बसल्या जागी शाईने अक्षाची खूण करून मॅडमनी मला टेबलावर घेतलं.

पुढचे काही दिवस वाईट गेले. डोळ्यांत वाळू, पाण्याची धार, पट्टीऐवजी लावलेली लेन्स. "शेजारच्या पोरीला दुसऱ्या दिवशी दिसायला लागलं," हे आई दारातूनच सांगायची. काका दुकान बंद करून यायचे, आईच्या हातचा चहा घ्यायचे आणि तिला समजावायचे. गडद गॉगल त्यांनीच आणून दिला. ऊन लागलं तर बुबुळावर धुरकटपणा धरायचा धोका असतो. नजर पुरती बसायला दोनेक महिने लागले. गिऱ्हाईक मात्र खरोखरच गेलं होतं.

घरात ऑप्टोमेट्रिस्ट असूनही धाकटा भाऊ चष्म्याला काकांकडेच जायचा. त्याला मोटरमन व्हायचं होतं, आणि त्यासाठी लेसिक करून घेणार होता. रेल्वेत गाडी चालवायच्या भरतीला लेसिक केलेले डोळे बाद ठरतात, हे त्याला काकांनी सांगितलं. तरी तो हटून बसला. तेव्हा त्यांनी तोच जुना उजेड त्याच्या डोळ्यावर फिरवला आणि मला फोन केला: "लाल चमक मधून दुभंगतेय, कात्रीसारखी उघड-मीट होतेय. याच्या कॉर्नियाचा नकाशा काढून घे. हे माझं काम नाही." नकाशात केराटोकोनस निघाला: कॉर्निया खालच्या बाजूने पातळ होऊन पुढे टोकदार होत चाललेला. अशा डोळ्यावर लेसिक झालं असतं तर तो आणखी फुगला असता. रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश देऊन कॉर्निया घट्ट करण्याची सी-थ्री-आर ही प्रक्रिया वेळेत झाली आणि आजार थांबला. मोटरमनचं राहिलंच. तो कडक लेन्स लावतो, बोरिवलीला बँकेत आहे, आणि डोळे चोळताना दिसला की आई अजून हातावर चापट मारते.

आता लेसरच्या तपासण्या करणं हेच माझं काम आहे. फ्रीजवर जाहिरात लावणाऱ्या आया माझ्यासमोर येऊन बसतात. काहींना मी परत पाठवते आणि त्या रागावून जातात.

काका दुकान विकून गावी, देवरुखकडे गेले. फोनवर तब्येतीआधी कामाची चौकशी करतात. मागे विचारत होते, सिलिंडरवाल्यांना बसवून खूण करता ना अजून? आता बरीच यंत्रं डोळ्याचं फिरणं स्वतःच ओळखतात, असं मी सांगितलं.

"ओळखू दे," म्हणाले. "तू खूण कर."