रंग मारून झाल्यावर

"रंग कुठल्या कंपनीचा मारता?" जुनी गाडी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. कोट किती देणार, भट्टी आहे का, चकाकी किती वर्षं टिकेल, हेही विचारतो. रंग मारून झाल्यावर गाडी महिनाभर कुठं उभी राहणार आणि तिला कोण कोण हात लावणार, हे मात्र कुणी विचारत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा उभ्या करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. नवा रंग बहुतेक वेळा गाडी रस्त्यावर जायच्या आधीच मार खातो, असं माझं ठाम मत झालं आहे. आधी वर्कशॉपात, जोडणी करताना आमच्याच हातून. आणि मग मालकाच्या अंगणात, कौतुकाच्या भरात.

रंग वाळला म्हणजे काय झालं, इथूनच घोटाळा सुरू होतो. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून 'डुको' असतो. हे मुळात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. 1923 साली जनरल मोटर्सनं ओकलंड गाडीवर तो निळ्या छटेत आणला आणि ब्रशनं व्हार्निश लावून गाडी आठवडेच्या आठवडे वाळवत ठेवण्याचे दिवस संपले. डुको म्हणजे नायट्रोसेल्युलोज. त्यातला थिनर उडून जातो आणि मागं थर राहतो, बस्स. रासायनिक बदल काहीच होत नाही. म्हणून दहा वर्षांनीसुद्धा थिनरचं फडकं फिरवलं तर डुको फडक्यावर येतो. थिनर वरून लवकर उडतो, तळातून मात्र सावकाश. थर आठवडेच्या आठवडे आक्रसत राहतो आणि आज आरशासारख्या दिसणाऱ्या मडगार्डवर महिन्याभरानं पॉलिश पेपरचे ओरखडे वर येतात. मालक म्हणतो, मिस्त्रीनं फसवलं. मिस्त्रीनं फसवलेलं नसतं, फक्त रबिंगची घाई केलेली असते.

पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, गणित वेगळं. त्यात हार्डनर पडतो आणि रंगाचे रेणू एकमेकांशी कायमचे बांधले जातात. भट्टीत पत्रा 60 अंशांवर अर्धा तास राहिला, की बरंचसं काम होतं. भट्टी नसेल तर दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण बांधणी पुढं काही आठवडे चालूच असते. (या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. नाकाला ओला रुमाल बांधून पीयू मारणारी पोरं आजही दिसतात. दमा लागला की आयुष्यभर सुटत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. रुमालाचा काडीचा उपयोग नाही.) थोडक्यात, हाताला कोरडा लागणं ही रंगाची पहिली पायरी. या काळात रंगाला हवा हवी असते. त्यावर चिकटवलेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे टेप, प्लास्टिक, स्टिकर, आतला थिनर कोंडते आणि आपला ठसा सोडते.

म्हणून रंग जपायची सुरुवात रंग मारायच्या आधी होते. गाडी एकदा पूर्ण कोरड्या पत्र्यावर जोडून बघायची. बॉनेट, डिकी, दरवाजे, बंपर, दिवे, क्रोमच्या पट्ट्या, सगळं. डुक्कर फियाटीचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात. पुढचा आणि मागचा असे दोन्ही दरवाजे मधल्या एकाच खांबावर लटकलेले असतात. बिजागरी केसभर सरकली तरी दोन्हीकडची फट बिघडते. ही फट रंगानंतर जुळवायची वेळ आली, तर कडा हमखास उडते. पट्ट्यांची भोकं, आरशाचं भोक, एरियलचं भोक हेसुद्धा आधीच. रंग झाल्यावर ड्रिल मारलं की भोकाची कडा उघडी पडते. तिला प्रायमर लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथून गंजाचा तांबडा ओघळ सुटतो. जोडून बघितलेली गाडी परत खोलायची, मग रंग. ही दुप्पट मजुरी लोकांना पटत नाही. मी ती बिलात वेगळी लिहितो आणि त्यावर वाद घालत नाही.

पाणी मारून पेपर घासताना बोअरचं पाणी मी वापरत नाही. त्यातले क्षार पत्र्यावर राहिले आणि वरून रंग चढला, की ते दमट हवेतला ओलावा रंगातून आत ओढतात आणि बारीक फोड येतात. फोड आले की कंपनीला शिव्या बसतात. पावसाळ्यात तर मी गन हातातच घेत नाही. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि डुको दुधाळ होतो. पीयूच्या हार्डनरला पाण्याचं वावडं आहे. ओल मिळाली की बुडबुडे येतात.

जोडणीचे दिवस सगळ्यात जोखमीचे. आमच्याकडं त्या दिवसांत कडं, अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवल्याशिवाय गाडीजवळ जायचं नाही. पोरं सुरुवातीला हसतात. पण मडगार्डवर वाकलं, की बक्कल नेमकं रंगाच्या उंचीला येतं. मडगार्डवर जुन्या सुती गोधड्या टाकतो, मात्र धुतलेल्या. बिनधुतलेल्या गोधडीत पेपर घासताना उडालेली धूळ अडकलेली असते आणि ती रंगाला खाते. बॉनेट चढवायला चार माणसं लागतात. बॉनेटचे मागचे कोपरे आणि त्यांच्यासमोरचा पत्रा यांवर कमी चिकटणारी टेप लावतो आणि त्याच संध्याकाळी काढतो. रात्रभर ठेवत नाही. झाकायला वर्तमानपत्र कधीच नाही. थिनरचा हलका फवारा लागला, की शाई रंगात उतरते आणि पांढऱ्या अँबेसिडरच्या दारावर उलटी बातमी छापली जाते.

काच बसवणं हे खरं कौशल्याचं काम. जुन्या गाड्यांची काच रबरात बसते. रबराच्या खाचेत चोहोबाजूंनी सुतळी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, एकानं बाहेरून तळव्यानं काच दाबून धरायची आणि दुसऱ्यानं आत बसून सुतळी हळूहळू ओढायची. रबराची ओठासारखी कड चौकटीवर आपोआप चढते. इथं स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की संपलं. सिलिकॉनच्या स्प्रेनं रबर सरकतं हे खरं. पण तोच सिलिकॉन जवळच्या पत्र्यावर बसला तर पुढं कधी तिथं रंगाची डागडुजी करताना माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. आमच्या वर्कशॉपच्या उंबऱ्याआत सिलिकॉनला मनाई आहे. डॅशबोर्ड चमकवायच्या बाटलीलाही.

आणि ब्रेक ऑइल. रंगाचा याच्याइतका मोठा वैरी मला दुसरा माहीत नाही. आपण सर्रास वापरतो ते डॉट 3 आणि डॉट 4 ग्लायकॉल इथरचे असतात आणि रंग सोलून काढायचं रसायन जसं वागतं तसे वागतात. ब्रेकमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरमधून चार थेंब उडाले आणि कुणी फडक्यानं पुसले, तर थेंब पसरतो आणि रंग सुरकुततो. पुसायचं नाही, आधी भरपूर पाणी ओतायचं. हे ऑइल पाण्यात मिसळतं, हीच त्याची एकमेव चांगली गोष्ट. त्या दिवशी गाडीशेजारी पाण्याचा पाइप चालू करून ठेवतो. बॅटरीचं आम्लही तसंच. तिथं पाण्यात खाण्याचा सोडा.

उद्यमनगरात रंग जपायचा म्हणजे शेजाऱ्यांशीही जपून वागावं लागतं. आजूबाजूला इंजिनिअरिंगची शेडं आहेत आणि ग्राइंडर चालूच असतात. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. ताज्या रंगात तो रुततो, डोळ्याला दिसत नाही आणि पहिल्या दवानंतर त्याच्याभोवती गंजाचा केशरी ठिपका उमटतो. त्यात पावसाळा सरतो न सरतो तोच साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसची काळी राख वाऱ्यावर येऊन बसते. रंगकामाला सगळ्यात चांगले महिने आणि राखेचे महिने एकच. ही राख झटकायची नाही, फडक्यानं तर नाहीच. वरून पाणी सोडून वाहू द्यायची. धूळ बसू नये म्हणून गाडीवर कव्हर घालणारे मालक तर मला धडकीच भरवतात. ताज्या रंगावर कव्हर म्हणजे आत ओल आणि वाऱ्यानं फडफडताना बाहेरून घासणं. पत्र्याचं छप्पर आणि तीन भिंती पुरेत. तेवढं नसेल तर मी गाडी माझ्याकडंच ठेवून घेतो आणि भाडं लावतो.

पण दसऱ्याला गाडी हवी असते. या गावात ते समजण्यासारखं आहे. शाही दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्यातली मंडळी मेबॅक गाडीतून दसरा चौकात येतात आणि ती गाडी बघत मोठं झालेल्या माणसाला आपली जुनी गाडी त्याच दिवशी दारात हवी असते. "अहो, वाळलाय की रंग! हात लावून बघा की," असं म्हणत एक काका माझ्यासमोरच बॉनेटवर बोट दाबत होते. दिली गाडी, पण पूजा कशी करायची ते सांगून. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर काढायचं नाही, पुढच्या काचेवर काढायचं. कुंकवात रंगद्रव्य असतं. कोवळ्या रंगात ते मुरतं आणि बोटाखाली पूड घासली जाते ती वेगळीच. झेंडूच्या हारात तार नको, हार बंपरवर बांधायचा. नारळ रस्त्यावर फोडायचा. लिंबू चाकाखाली खुशाल ठेवा, त्याला माझी हरकत नाही. काकूंनी ऐकलं. काकांचं सांगता येत नाही.

दिवाळीत गाडी फटाक्यांपासून लांब, हे वेगळं सांगायला नको. फुलबाजीची एक ठिणगीसुद्धा रंगात खड्डा पाडते. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळू देऊ नये. ऊन लागून रंग मऊ होतो, वाळती विष्ठा आक्रसते आणि गार झाल्यावर तिथं ठसा कायमचा राहतो. ओलं फडकं ठेवून मऊ करायची आणि उचलायची. खरी धास्ती असते ती सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्याची. एक बादली, एक फडकं आणि साऱ्या गाड्या. पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीवर. त्याचा दोष नाही, एका गाडीमागं त्याला मिळतं तरी किती? त्याला पगार चालू ठेवा आणि आपली गाडी पुसायची नाही असं सांगा. महिनाभर नुसतं पाणी, सावलीत, आणि स्वच्छ मायक्रोफायबरनं टिपून घेणं. घासणं नाही.

मेण कधी लावायचं? भट्टी नसलेल्या पीयूला मी किमान महिना थांबतो, डुकोला त्याहून जास्त. मेण म्हणजे कारनौबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. त्याचा थर पातळ असतो आणि पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. मला ते आवडतं, कारण त्या निमित्तानं मालक गाडीकडं नीट बघतो. सिरॅमिक कोटिंगचा सध्या फार गाजावाजा आहे. पाणी त्यावरून छान निसटतं, हे कबूल. पण त्याचा थर मायक्रॉनमध्ये मोजायचा. खडा लागला तर तो काय अडवणार? रंग मारल्याच्या आठवड्यात सिरॅमिक मारून देतो म्हणणाऱ्याला गाडी देऊ नये. पारदर्शक फिल्म खडे खरोखर अडवते, तिची जाडी दीडशे-दोनशे मायक्रॉन असते. मात्र जुन्या गाडीवर, पुट्टीच्या थरांवर चढलेल्या रंगावर, ती काढताना रंगासकट निघू शकते. मी ती फक्त चाकांमागच्या पत्र्याला लावतो.

गाडी देताना मालकाला दोन वस्तू देतो. एक, हार्डनर न घातलेल्या त्याच रंगाचा घट्ट बंद डबा. दुसरी, त्याच दिवशी त्याच गननं तितकेच कोट मारलेला वीतभर पत्रा. डबा गार जागी ठेवायचा, पत्रा कपाटात अंधारात. पुढं कधी ओरखडा गेलाच, तर मिस्त्रीनं रंग जुळवायचा तो गाडीवरच्या, उन्हानं थोड्या उतरलेल्या छटेशी, पत्र्याशी नाही. पत्रा फक्त मूळ काय होतं ते दाखवतो. आणि नवं पॉलिश, नवी टेप, पाहुण्यानं आणलेली नवी बाटली, सगळं आधी त्या पत्र्याच्या मागच्या कोपऱ्यावर लावून एक रात्र ठेवायचं.