डॉक्टर अनिताचा आवाज

रविवार, रात्री

बिहारमधली ‘मोबाइल कुंजी’ डोक्यातून जात नाही. कडीत ओवलेली 40 चित्रकार्डं, प्रत्येकावर एक छोटा क्रमांक. आशाताई गरोदर बाईच्या घरी जाऊन कार्ड समोर धरायची, साध्या बटणांच्या फोनवरून तो क्रमांक लावायची आणि ‘डॉक्टर अनिता’ बोलू लागायची. बीबीसी मीडिया अ‍ॅक्शननं 2012 मध्ये हे सुरू केलं. अनिता काल्पनिक. पण घरात सुनेचं कोणी ऐकत नाही, आशाताईचंही अर्धंमुर्धंच. डॉक्टरीणबाई बोलल्या की सासूही सरसावून बसते, हे ज्याला सुचलं त्याला माणसं कळतात! जोडीला ‘मोबाइल अकॅडमी’: धडे फोनवर ऐकायचे, उत्तरं बटण दाबून द्यायची. इंटरनेटची गरजच नाही.

आणि आपल्याकडे? 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन तापायचे, अडकायचे, वर माहिती भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप इंग्रजीत. आठवी-दहावी शिकलेल्या बाईनं काय करावं? मला तर हा राग रास्तच वाटला. तिकडचा फोन कार्यकर्तीला शिकवत होता, इकडचा तिच्याकडून माहिती मागत होता.

आमच्या आशाताई गृहभेटीत नवजात बाळाची दुपटी सैल करतात, मोबाइलचं घड्याळ लावतात आणि पोटाच्या हालचालीवरून मिनिटभर श्वास मोजतात. साठ किंवा त्याहून जास्त भरले, की पुन्हा मोजायचे. तेवढेच आले, तर दवाखाना गाठायचा. इतका उपयोगी फोन! मग तीच भेट अ‍ॅपवर भरायची, वहीतही लिहायची. वही बंद करायला मात्र कोणी तयार नाही.