काटकसर आणि कार्पण्य

घरोघर वापरल्या जाणाऱ्या शब्दांपैकीं कांहीं शब्द असे असतात, कीं त्यांचा अर्थ आपणांस येतो अशी प्रत्येकाची खात्री असते, आणि म्हणूनच तो कोणी कधीं नीट पाहत नाहीं. ‘काटकसर’ आणि ‘कंजूषपणा’ ही त्यांतलीच एक जोडी होय. आपल्या हातून घडते ती काटकसर आणि दुसऱ्याच्या हातून घडतो तो कंजूषपणा, इतकाच भेद बहुतेक कुटुंबांत मानला जातो. आम्हीं ३८ वर्षें शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें. मितव्यय आणि कार्पण्य यांतील भेद मुलांना फळ्यावर लिहून दिला, परीक्षेंत विचारला आणि ज्यांनीं तो चुकविला त्यांचे गुणही कापले. परंतु त्या प्रश्नाचें उत्तर आमचें आम्हांसच येत नव्हतें, ही गोष्ट वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, आणि तीही परदेशांत, आमच्या लक्षांत आली. ती कशी, हें वाचकांपुढें मांडावें, म्हणजे आमच्या गुणपत्रिकेवरचा हा शेरा निदान इतरांच्या तरी उपयोगीं पडेल, एवढाच या लेखाचा हेतु.

आमचें लहानपण वाईस एका एकत्र कुटुंबांत गेलें. सन १९६५ च्या सुमारास घरांत लहानमोठीं मिळून १४ माणसें होतीं आणि कोठीची किल्ली आमच्या आत्याबाईंच्या कमरेला असे. आलेल्या पत्राचें पाकीट उलटें करून त्याच्या कोऱ्या बाजूवर त्या वाण्याची यादी लिहवून घेत. पुड्यांचा दोरा गुंडाळून ठेवीत. जुन्या लुगड्याचें दुपटें, दुपट्याचें फडकें आणि फडक्याचें पायपुसणें, अशी वस्त्राची चारी आश्रमांतील यात्रा त्या पुरी करवीत. मात्र दर मंगळवारीं एक गरीब विद्यार्थी आमच्याकडे वारानें जेवावयास येई. त्याच्या भातावर तूप वाढतांना आत्याबाईंचा हात आखडलेला आम्हीं कधीं पाहिला नाहीं. त्या दिवशीं त्यांच्या स्वतःच्या ताटांत तूप नसे, हें आईनें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं सांगितलें.

अशा घरांत वाढल्यामुळें काटकसर आमच्या अंगवळणीं पडली. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन आम्ही शिक्षक झालों आणि शिक्षकाच्या पगारांत दोन मुलांचीं शिक्षणें पार पाडलीं, तीं याच संवयीच्या बळावर. मुलगा जर्मनींत शिकावयास गेला, तेव्हां त्यानेंही हाच वारसा चालविला. पहिलीं दोन वर्षें स्वतःच्या हातचा भात आणि डाळ खाऊन, बाहेरचा चहासुद्धां वर्ज्य करून त्यानें जे पैसे शिल्लक टाकले, त्यांतून आमच्या मातोश्रींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. हें पाहून आम्हांस धन्यता वाटली आणि काटकसर या विषयांत आमच्या घरीं कोणास शिकण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं, असा आमचा समज झाला.

सन २०२३ च्या सप्टेंबरांत आम्ही उभयतां त्याच्याकडे श्टुटगार्टला गेलों. त्या देशांत पाहुण्यास ९० दिवसांपेक्षां अधिक राहतां येत नाहीं, आणि परवान्यासाठीं निदान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाची हमी देणारा विमा उतरावा लागतो. तसा तो आम्हीं उतरविला, आणि त्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून पेटीच्या तळाशीं जपून ठेविला. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

त्या सुमारास एका युरोस ९० रुपयांच्या आसपास पडत. त्यामुळें पहिल्याच दिवसापासून आमच्या तोंडीं नव्वदाचा पाढा बसला. पावाचा एक लोफ ४ युरो, म्हणजे ३६० रुपये. गांवांतल्या गाडीचें एका वेळचें तिकीट सुमारें ३ युरो, म्हणजे २७० रुपये. सूनबाईनें एकदां फुलकोबी आणला, तेव्हां आम्हीं त्याचीही किंमत मोठ्यानें गुणून दाखविली आणि ती बिचारी ओशाळली. मुलगा हंसून म्हणाला, “नाना, मी मिळवतों युरोंत. तुम्ही खर्च रुपयांत मांडूं लागलांत, तर आपणां सर्वांना उपाशीच राहावें लागेल.” आम्ही हंसलों, पण पाढा कांहीं थांबला नाहीं. मुलाचा पैसा वांचवितों आहों, या भावनेनें उलट त्याला सात्त्विक तेज चढलें.

हें शहर खुद्द जर्मन लोकांतही काटकसरीबद्दल प्रसिद्ध आहे. श्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन प्रांतांतील माणसांच्या हिशेबीपणावर इतर जर्मन लोक विनोद करतात. ज्या बॉशच्या नांवाचा कारखाना नाशिककरांच्या परिचयाचा आहे, ते रॉबर्ट बॉश याच प्रांतांतले, आणि त्यांचा कारखाना याच शहरांत उभा राहिला. जमिनीवर पडलेली कागदाची टांचणी उचलून, हा माझा पैसा वायां जात आहे, असें त्यांनीं कामगारास सुनावल्याची आख्यायिका आहे. परंतु याच गृहस्थांनीं १९०६ सालीं आपल्या कामगारांस आठ तासांचा दिवस दिला, आणि त्यांनीं उभारलेलें रुग्णालय १९४० सालीं याच शहरांत सुरू झालें. टांचणीचा हिशेब ठेवणाऱ्या हातानेंच हें केलें, याचा विचार आम्हीं त्या वेळीं केला नाहीं. टांचणीची गोष्ट तेवढी आम्हांस आवडली.

मुलाच्या घराच्या खालच्या मजल्यावर ७८ वर्षांच्या एक आजीबाई एकट्या राहत. तेथें जिना झाडण्याची पाळी प्रत्येक बिऱ्हाडाकडे आठवडाभर असते आणि तिला केरवोखे म्हणतात. या जर्मन शब्दांतील ‘केर’ आणि आपला केर यांचा योग जुळलेला पाहून आम्हांस मोठी मौज वाटली. आजीबाई आदल्या दिवसाचा पाव कमी भावांत आणीत, थंडींत एकाच खोलींत ऊब ठेवीत आणि कापडी पिशवी धुवून धुवून वापरीत. त्यांच्यांत आम्हांस आत्याबाईच दिसल्या. त्यांना थोडें इंग्रजी येई, त्यामुळें जिन्यांत दोन शब्द होत. एकदां त्यांनीं आम्हांस आपल्या भाषेंतील दोन शब्द सांगितले: काटकसरी माणूस तो ‘श्पार्साम’ आणि कंजूष तो ‘गाइत्सिग’. पहिला शब्द उच्चारतांना त्यांची मान किंचित् ताठ झाली, आणि दुसरा उच्चारतांना त्यांनीं नाक मुरडलें. आम्हीं अर्थातच पहिला शब्द आमच्या नांवापुढें मांडून घेतला.

पुढें ऑक्टोबरांत एक लहानशी गोष्ट घडली. त्या देशांत २००३ सालापासून एकदांच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि पत्र्याच्या डब्यावर अनामत घेतात. हल्लीं ती २५ सेंट आहे. रिकामी बाटली दुकानांतील यंत्रांत टाकली कीं, ती रक्कम परत मिळते. घरांतल्या बाटल्या नेऊन देण्याचें काम आम्हीं हौसेनें पतकरलें होतें. एके सायंकाळीं बागेंत फिरतांना कचऱ्याच्या पेटीशेजारीं तीन रिकाम्या बाटल्या नीट उभ्या करून ठेवलेल्या दिसल्या. लोक किती उधळे, असें म्हणत आम्हीं त्या उचलल्या. ७५ सेंट, म्हणजे ६७ रुपये! दहा पावलांवर एक वृद्ध गृहस्थ हातांत मोठी पिशवी घेऊन उभे होते. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां ते दुसऱ्या वाटेनें निघून गेले.

घरीं येऊन हा पराक्रम सांगितला, तेव्हां सूनबाईचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, “नाना, त्या बाटल्या कोणी विसरलेल्या नसतात. ज्यांना त्यांतून चार पैसे मिळवावे लागतात, त्यांना कचऱ्यांत हात घालावा लागूं नये, म्हणून लोक मुद्दाम बाहेर ठेवतात.” आम्हांस फार ओशाळें वाटलें. दुसऱ्या दिवशीं त्या तीन बाटल्या आम्हीं मुकाट्यानें पुन्हां त्याच जागीं नेऊन ठेवल्या, आणि हिशेब चुकता झाला असें मानलें. तो चुकता झाला नव्हता.

नोव्हेंबरांत आम्हीं ट्यूबिंगेनला जाण्याचा बेत केला. श्टुटगार्टहून आगगाडीनें तासाभराची वाट. ज्या रुडोल्फ रोट यांनीं ब्योटलिंक यांच्यासह १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत संस्कृताचा सात खंडांचा कोश सिद्ध केला, ते श्टुटगार्टला जन्मले आणि ट्यूबिंगेनच्या विद्यापीठांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. संस्कृतावर जन्म काढलेल्या माणसास ही काशीयात्राच. तिकिटाचे पैसे आम्हीं गुणले नाहींत. नदीकांठच्या त्या जुन्या गांवांत जुन्या पुस्तकांच्या दुकानीं एक जर्मन-संस्कृत वाचनमाला मिळाली. किंमत ४० युरो. तीही गुणिली नाहीं. जर्मन आम्हांस येत नाहीं, हेंही मध्यें आलें नाहीं. दुपारीं सर्वांसाठीं कॉफी मागविली. सौभाग्यवतीनें ती निवेपर्यंत तशीच ठेविली आणि मग एका अंगानें घोट घोट घेतली. पाव तिनें खाल्ला नाहीं. वाऱ्याची झुळूक आली कीं ती पदर गालाशीं धरी. हें सर्व आम्हीं पाहिलें, पण आमच्या हातांत पुस्तक होतें.

रात्रीं तिचा गाल सुजला, तेव्हां सूनबाईनें तिला जवळ बसवून विचारलें. आठ दिवस दाढ ठणकत होती. लवंग चावून आणि मिठाच्या पाण्याच्या चुळा भरून ती रात्री काढीत होती. आम्हीं रागावूनच म्हटलें, “अगं, मला सांगितलें कां नाहींस?” ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “काय सांगायचें? तुम्ही लगेच नव्वदांनीं गुणलें असतें. परत जायला महिनाच राहिला आहे, घरीं गेल्यावर दाखवीन म्हटलें.”

तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. पाऊस आहे म्हणून छत्री घेतली, असें सांगावें, तितक्या सहजपणें तिनें तें सांगितलें, आणि म्हणूनच तें आमच्या काळजाला लागलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिला दंतवैद्याकडे नेलें. मुळाशीं पू झाला होता. आठ दिवस आधीं आलां असतां, तर दाढ राखतां आली असती, आतां ती काढावीच लागेल, असें वैद्य म्हणाले. सायंकाळीं मुलानें पेटीच्या तळचा तो विम्याचा कागद काढून वाचला. तातडीच्या दंतवेदनेचा खर्च अमुक मर्यादेपर्यंत मिळेल, असें त्यांत स्वच्छ लिहिलेलें होतें. आम्हीं तो कागद जपला होता, वाचला नव्हता.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. ज्या शब्दावर आम्हीं मुलांचे गुण कापले, तो ‘कृपण’ शब्द डोळ्यांपुढें उभा राहिला. त्याचा मूळ अर्थ पैसे न देणारा असा नव्हेच. दीन, कींव करण्याजोगा, असा तो आहे. बृहदारण्यक उपनिषदांत अक्षरतत्त्व न जाणतां जो हें जग सोडून जातो, त्याला कृपण म्हटलें आहे. आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अर्जुन आपल्या कार्पण्याचा दोष सांगतो, तेथेंही प्रश्न द्रव्याचा नाहीं. हें आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें असेल. पण कृपण माणूस दीन कां, तें त्या रात्रीं कळलें. त्याच्याजवळचीं माणसें त्याला आपलें दुःख सांगेनाशीं होतात, म्हणून तो दीन.

आत्याबाईंनीं तूप वांचविलें तें स्वतःच्या ताटांतलें. मुलानें चहा सोडला तो स्वतःचा. आम्हीं मात्र स्वतःची हौस गुणिली नाहीं, आणि पत्नीची वेदना न विचारतांच गुणून ठेविली. काटकसर आणि कार्पण्य या दोहोंतही पैसा शिल्लकच पडतो. वहींतला आंकडा पाहून ती कोणती, हें ओळखतां येत नाहीं. ती शिल्लक कोणाच्या ताटांतून आली, हें विचारलें म्हणजेच ओळख पटते. काटकसरी माणसाच्या घरीं सर्वजण मोकळेपणानें मागतात. कधीं मिळतें, कधीं नाहीं, पण मागण्याची भीति नसते. कृपणाच्या घरीं कोणी कांहीं मागत नाहीं, आणि तो मात्र समजतो, कीं आपल्या माणसांच्या गरजा किती थोड्या!

परदेशीं हा दोष लवकर बळावतो, याचें कारण तेथें प्रत्येक वस्तूस दोन किंमती दिसतात. जी किंमत मोठी, तीच खरी वाटूं लागते. पण दाढेच्या ठणक्यास विनिमयाचा दर नसतो. आणि हा रोग केवळ परदेशचाच आहे, असेंही नाहीं. मोठ्या कुटुंबांत ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्या कपाळावरच्या एका आठीसरशीं किती औषधें, किती माहेरच्या भेटी आणि किती मुलांच्या वह्या मनांतल्या मनांत रद्द होत असतील, याचा हिशेब कोणत्या वहींत मांडलेला असतो? ज्यांच्याकडे किल्ली आहे, त्यांनीं महिन्यांतून एकदां तरी आपण होऊन विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे. विचारल्याशिवाय कळत नाहीं, आणि पुष्कळदां विचारूनही पहिल्या खेपेस कोणी सांगत नाहीं.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आजीबाई निरोप घेण्यास वर आल्या. सौभाग्यवतीच्या दुखण्याची त्यांना बातमी होती; त्यांनीं तिच्यासाठीं स्वतःच्या हातचा सफरचंदाचा मऊ मुरांबा आणला होता. बरणीवर दुसऱ्याच कसल्या तरी लोणच्याची जुनी चिठ्ठी अर्धवट खरवडलेली दिसत होती.

ती वाचनमाला आतां आमच्या कपाटांत आहे. अजून आम्हीं तिचीं चार पानेंही वाचलेलीं नाहींत. सौभाग्यवती दर शनिवारीं तिच्यावरची धूळ झटकते. ती अजूनही डाव्याच बाजूनें चावते.