ठणका, सणक आणि शून्य ते दहा

गेले दोन महिने इथे शुकशुकाट आहे. काही जणांनी मेल करून विचारलं, काहींनी फोन केले. तर मंडळी, सविस्तर सांगते. एप्रिलमध्ये माझा उजवा गुडघा बदलला. मंगळवारी सकाळी सहाला गेले आणि दुपारी चारच्या सुमाराला नव्या गुडघ्यासकट घरी परत आले. स्वतःच्या पायांनी. म्हणजे वॉकर धरून, पण पाय माझेच.

ही बातमी भारतात पोचल्यावर जो गहजब झाला तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. "गुडघा बदलला की गाडीचा टायर?" हा आमच्या मेव्हण्यांचा प्रश्न. नाशिकच्या ताईचा गुडघा २०१४ साली पुण्यात बदलला तेव्हा ती पाच दिवस हॉस्पिटलात होती. त्यामुळे तिला खात्रीच होती की इथल्या विमा कंपनीने पैसे वाचवायला मला हाकलून दिलं.

पैशांचा भाग यात आहेच, नाही कशाला म्हणू? पण तेवढंच नाही. इथे पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी विमा असतो. २०१७ सालापर्यंत गुडघा बदलणं हे त्यांच्या "पेशंटला भरती करूनच करायच्या" शस्त्रक्रियांच्या यादीत होतं. २०१८ च्या जानेवारीत ते त्यातून वगळलं, २०२० मध्ये खुबाही वगळला. त्याच्या मागे बरीच वर्षं चाललेलं काम आहे. हेन्रिक केहलेट नावाच्या डॅनिश सर्जननी १९९० च्या दशकात एक साधा प्रश्न लावून धरला होता : ऑपरेशन नीट झालेलं असताना पेशंट हॉस्पिटलात का पडून राहतो? उत्तरं निघाली ती अशी : दुखतं म्हणून, मळमळतं म्हणून, नळ्या लावल्यात म्हणून, आणि कुणी उठवत नाही म्हणून. मग एकेका कारणावर उपाय शोधले गेले. कमरेत थोड्या वेळापुरती भूल, मांडीतली नस बधिर करणारं इंजेक्शन, रक्तस्राव कमी करणारं औषध, आणि दोन-चार तासांत पेशंटला उभं करणं.

हे सगळं छान आहे. फक्त गुडघ्यातलं हाड कापून धातू आणि प्लास्टिक बसवल्यावर जे दुखायचं ते दुखतंच. पूर्वी त्यातले पहिले काही दिवस हॉस्पिटलात निघून जायचे. आता ते दुखणं तुमच्याबरोबर गाडीत बसून घरी येतं. आणि घरी बेल दाबली की धावत येणारी नर्स नसते. आमच्या घरी नवरा होता. चाळीस वर्षं लोकांचे हिशेब तपासलेला माणूस. त्याने एक वही आखली : वेळ, गोळी, किती, आणि कसं वाटतंय.

पहिल्या रात्री पाय लाकडाच्या ओंडक्यासारखा होता. मांडीतल्या इंजेक्शनचा असर साधारण दिवसभर टिकतो आणि मग उतरतो, आणि उतरतो तेव्हा दुखणं एकदम अंगावर येतं, असं घरी सोडताना नर्सने दोनदा बजावलं होतं. म्हणून दुखत नसतानाच घड्याळ लावून गोळ्या घ्यायच्या होत्या, रात्री दोनला उठूनसुद्धा. ताईला हे पटेना. "अगं, दुखत नाही तर गोळी कशाला?" आता नाशिकच्याच माणसाला काय सांगायचं, की तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये! गोळी पोटात जाऊन काम करायला अर्धा-पाऊण तास लागतो. दुखणं एकदा डोक्यावर चढून बसलं की तेवढ्याच गोळीने ते खाली उतरत नाही.

गोळ्या एकाच प्रकारच्या नव्हत्या. थोडी याची, थोडी त्याची मदत घ्यायची, म्हणजे कुठलंच औषध फार लागत नाही, असा हिशेब. माझ्यासाठी डॉक्टरांनी लिहिलेल्या होत्या त्या अशा : अ‍ॅसिटामिनोफेन, म्हणजेच आपलं पॅरासिटामॉल, १००० मिलिग्रॅम दर आठ तासांनी. सूज उतरवणारी सेलेकॉक्सिब दिवसातून दोनदा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून छोटी अ‍ॅस्पिरिन. आणि अगदीच सहन होईना तर ऑक्सिकोडोन, ५ मिलिग्रॅमची. (कृपया हे कुणी उतरवून घेऊ नका. मूत्रपिंड, पोट, वय, आधीची औषधं यांवर सगळं बदलतं.) यातलं उतरवून घेण्यासारखं एकच : टायलेनॉल, क्रोसिन, डोलो ही सगळी एकाच औषधाची नावं आहेत, आणि ते औषध सर्दीच्या गोळीतही दडलेलं असतं. भेटायला आलेल्या एका मैत्रिणीने प्रेमाने सर्दीची गोळी पुढे केली तेव्हा नवऱ्याने आधी वेष्टन वाचलं. तिच्यात ३२५ मिलिग्रॅम होतंच. नकळत बेरीज वाढत गेली की ती यकृताला भोवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला. "शून्य ते दहा, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट दुखणं. तुमचं किती?" मी अडकले. नवरा वही घेऊन उभा. मी म्हटलं, सहा. मग म्हटलं, पण हलले तर आठ. आणि झोपून राहिले तर ते सहा नाहीच, ते काहीतरी वेगळंच आहे.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मला लहानपणापासून दुखण्याचे आकडे कुणी शिकवलेच नव्हते. शब्द शिकवले होते. ठणका. ठसठस. सणक. चमक. कळ. रग. चुरचुर. भगभग. ओढ. अवघडणं, ताठणं, वळ येणं. मुंग्या. आजी नुसत्या "दुखतंय"वर कधी समाधान मानायची नाही. "कसं दुखतंय? ठणकतंय की टोचतंय?" असं विचारल्याशिवाय ती हळदीच्या डब्याला हात लावायची नाही.

मग वहीतल्या शेवटच्या रकान्यात आकड्याशेजारी शब्द यायला लागला. आणि गंमत म्हणजे चार दिवसांत त्या शब्दांची आपोआप वर्गवारी झाली. ठणका आणि ठसठस असायची ती संध्याकाळी, जास्त वेळ पाय खाली सोडून बसल्यावर. ती सुजेची. तिच्यावर गोळीइतकाच उपयोग बर्फाचा आणि पाय उंच ठेवण्याचा. पाय छातीपेक्षा वर हवा, आणि उशी पोटरी-टाचेखाली घ्यायची, गुडघ्याखाली नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की फार बरं वाटतं, पण मग तो सरळ व्हायचं विसरतो. बर्फ थेट कातडीवर नाही, मध्ये पंचा, वीस मिनिटं. आमच्याकडे मटारची गोठवलेली पाकिटं होती, ती पाळीपाळीने कामाला लागली. (त्यांची उसळ नंतर कुणी खाल्ली नाही.)

सणक आणि चमक रात्री यायची. वीज चमकावी तशी, आणि लगेच नाहीशी. ती दुखावलेल्या बारीक नसांची. तिच्यामागे गोळी घेऊन धावण्यात अर्थ नव्हता, गोळी पोचेपर्यंत ती निघून गेलेली असायची. चुरचुर टाक्यांची. आणि रग, ती मांडीची, व्यायामानंतरची.

या रगेबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे सोसण्याचं फार कौतुक. माझ्या आईबद्दल अजून सांगतात, "शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही." हे वाक्य आमच्या घरात पदकासारखं आहे. पण गुडघ्याच्या बाबतीत गप्प सोसणाऱ्या माणसाचं काय होतं? तो दुखेल म्हणून पाय हलवत नाही. हलवला नाही की आत चिकटत जातो, आणि मग कधीकधी पुन्हा भूल देऊन डॉक्टरांना तो वाकवावा लागतो. म्हणजे गोळी आराम वाटावा म्हणून नसते, व्यायाम करता यावा म्हणून असते. फिजिओथेरपिस्ट येण्याआधी पाऊण तास ती घ्यायची आणि मग गुडघा वाकवताना जी रग लागते ती मात्र दात-ओठ खाऊन सोसायची. सोसायचं आहेच की! पण कुठलं, ते ठरवून.

ताईला सगळ्यात जास्त धास्ती होती ती ऑक्सिकोडोनची. "अफूची गोळी गं ती. सवय लागली म्हणजे?" तिचा शब्द खरा आहे. ते औषध खसखशीच्याच झाडातल्या थेबाइन नावाच्या द्रव्यापासून करतात. आणि या देशात अशा औषधांनी काय झालंय ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. १९९९ पासून अफूच्या वर्गातल्या औषधांच्या आणि ड्रग्जच्या अतिसेवनाने लाखो माणसं गेली. त्यात कुणाचं ऑपरेशन झालं होतं, कुणाची पाठ दुखत होती. आमच्या न्यू जर्सीत २०१७ पासून कायदा आहे : अशा नव्या दुखण्यासाठी पहिल्या वेळी पाच दिवसांपेक्षा जास्तीची गोळी लिहून द्यायची नाही. मला वीस मिळाल्या. भीती मलाही वाटत होती. पण भीतीपोटी एकही घ्यायची नाही आणि पायही हलवायचा नाही, यात शहाणपण कसलं? वही इथे उपयोगी पडली. वेळ, आकडा, शब्द पाहून आम्ही दोघं ठरवायचो. पहिल्या चार दिवसांत अकरा गोळ्या लागल्या. पाचव्या दिवसापासून एकही नाही. बरोबर बद्धकोष्ठाचं औषधही पहिल्या दिवसापासून होतं. त्या गोळीने पोट कसं बंद होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मी याचं इतकं कौतुक का करतेय ते कळेल.

आणि मग सहाव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, पोटरीत कळ आली.

खरं सांगायचं तर फार जोराची नव्हती. आकड्यात सांगायचं तर तीन. गुडघा त्याच वेळी पाचवर होता! कुणी आकडाच विचारला असता तर मी "पाच" म्हणून मोकळी झाले असते. पण नवऱ्याने शब्द विचारला, आणि हा शब्द वहीत आधी कुठेच नव्हता. त्याने लिहिलं : "कळ. पोटरी. नवीन." ताई फोनवर होती. "वात आला असेल, तेल गरम करून चोळ." इतर कुठल्याही रविवारी हा सल्ला योग्यच ठरला असता. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. अशा शंकेच्या पायाला चोळायचं नसतं. पोटरी दुखणं, सुजणं, लाल होणं, दम लागणं, छातीत दुखणं, ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणं, यांतलं काहीही झालं तर सोमवारची वाट पाहू नका, असं कागदावर लिहून दिलेलं होतं.

नवऱ्याने फोन केला, त्यांनी लगेच यायला सांगितलं. रात्री साडेअकराला डॉप्लर झाला. अंधाऱ्या खोलीत ती मुलगी पोटरीवर जेल लावून यंत्र फिरवत होती, दाबून दाबून शीर मिटते का ते बघत होती, आणि आम्ही दोघं पडद्याकडे. आम्हाला त्यातलं काहीच कळत नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच या माणसाचा हात थंडगार लागला. गुठळी नव्हती. सूज खाली उतरून पोटरीत साचली होती. पहाटे दोनला घरी आलो आणि दोघांनी गरम गरम मऊभात खाल्ला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं, उगाच तुम्हाला त्रास दिला. त्या म्हणाल्या, असे उगाच येणारे मला आवडतात, न येणाऱ्यांची काळजी वाटते.

आता दोन महिने झाले. गुडघा ११८ अंशांपर्यंत वाकतो. रात्रीची झोप अजून तुटक आहे, ती सावकाश येते म्हणतात. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हातभर नाही पण बोटभर जागा बधिर आहे. जमिनीवर मांडी घालून बसायचं मात्र आता विसरायचं. उरलेल्या नऊ गोळ्या नवऱ्याने मोजून औषधाच्या दुकानातल्या परत घेण्याच्या पेटीत टाकल्या, आणि वहीत नोंद करून खाली दोन रेघा ओढल्या. ताळेबंद जुळला.

मी मात्र त्या वहीतून एकच शिकले. रग सोसायची, ठणका शमवायचा, सणकेला जाऊ द्यायचं आणि अनोळखी कळ ताबडतोब सांगायची. चारही दुखणीच आहेत, पण चारांना एकच "बरी आहे मी" असं उत्तर देऊन चालत नाही. हॉस्पिटलात निदान कुणीतरी दर चार तासांनी विचारायला येतं. घरी विचारणारं माणूस आपलं असतं, आणि आपल्या माणसाला त्रास नको म्हणून आपण हमखास गप्प बसतो.

तेव्हा तुमच्या घरी कुणी असं त्याच दिवशी परत आलं, तर आकडा विचाराच, डॉक्टरांना तो लागतो. पण तिथेच थांबू नका. कसं दुखतंय, ते विचारा.

असो. व्यायामाची वेळ झाली.