तिला घडवायला जाऊ नकोस

चि. मधुरा हिस,


लेकीचं डोकं लांबट आहे, कमरेखाली निळा डाग आहे आणि वजन दोनशे ग्रॅमनी उतरलं, म्हणून तुझा जीव खालीवर होतोय. वजनाचं सोड. पहिल्या दिवसांत अंगातलं जादा पाणी जातं, सात ते दहा टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. तू पाजते आहेस, लघवीचे लंगोट भिजताहेत. साधारण दोन आठवड्यांत भरून निघेल. डागही माराचा नाही. तो त्वचेतल्या रंगाच्या पेशींचा, आपल्याकडे पुष्कळ बाळांना असतो आणि पुढे फिका होत जातो.

डोक्याबद्दल मात्र नीट ऐक. कवटीची हाडं जन्मताना जुळलेली नसतात. ती एकमेकांवर सरकली म्हणून तर लेक बाहेर येऊ शकली. हा लांबटपणा काही दिवसांत आपोआप जातो. पुढची टाळू भरायला बहुतेकदा वर्ष-दीड वर्ष लागतं, कारण आत मेंदू झपाट्यानं वाढत असतो. अंघोळ घालणाऱ्या बाई डोकं गोल करायला दाबत असतील, नाक ओढत असतील, तर स्पष्ट नाही म्हण. सासूबाईंना वाईट वाटलं तरी चालेल. अंगाला हलक्या हातानं तेल लावू देत, पण नाका-कानात थेंबही नको; नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळाची छाती सुजलेली दिसली तर पिळू देऊ नकोस. ती तुझ्याच संप्रेरकांमुळे आलेली सूज आहे, आपली आपण ओसरते. पिळली तर पू होण्याची भीती. आणि मध चाटवणं वर्षभर नाहीच.

पाजताना तिच्याकडे बघत जा. वीस-तीस सेंटिमीटरवरचंच तिला त्यातल्या त्यात बरं दिसतं, म्हणजे नेमका तुझा चेहरा. आवाज तर तिच्या ओळखीचा आहेच. 1980 साली अमेरिकेत डिकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं, की नुकती जन्मलेली बाळं आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात! किती आधीपासून ती तुला ऐकते आहे, बघ. तेव्हा बोल तिच्याशी, काहीही बोल.

कावीळ तेवढी दिवसाउजेडी तपासत जा. चेहऱ्यावरचा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, किंवा ती दूध ओढेनाशी झाली, तर कोवळ्या उन्हावर विसंबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने.

तुझी,
मावशी